वायूची समुद्रयात्रा

अशक्य गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाला पाहून आपण म्हणतो, ‘हा वाऱ्याची मोट बांधायला निघाला आहे.’ पाणी घागरीत राहते, धान्य पोत्यात राहते. वारा मात्र कशातच राहत नाही, हा या म्हणण्यामागचा अनुभव. परंतु गेल्या सहा-सात दशकांत माणसाने ही मोट खरोखर बांधली. एवढेच नव्हे, तर ती जहाजावर चढवून महासागरापार नेली. ही मोट कशी बांधतात, ती वाटेत सुटू नये म्हणून काय करावे लागते आणि तिच्याशी तुमचा-आमचा संबंध काय, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

प्रथम ही यातायात कशासाठी, हा प्रश्न. निसर्गाने इंधनवायूचे साठे देताना गिऱ्हाइकाची सोय पाहिली नाही. वायू सापडतो वाळवंटाखाली किंवा समुद्रतळाखाली, आणि चुली व कारखाने असतात हजारो मैल दूर. मध्ये जमीन असली तर नळ टाकता येतो. पण मध्ये खोल समुद्र असला, किंवा शेजाऱ्यांचे आपापसांत पटत नसले, की नळाचा मार्ग खुंटतो. म्हणूनच कित्येक तेलविहिरींवर तेलाबरोबर वर येणारा वायू वर्षानुवर्षे नुसता जाळून टाकीत असत. तो जसाच्या तसा जहाजात भरावा म्हटले, तर एक टन नैसर्गिक वायूला सुमारे १,४०० घनमीटर जागा लागते. म्हणजे भलेमोठे जहाज भरूनही पदरात पडणार मूठभर माल. तेव्हा वायूचे आकारमान कमी करणे, म्हणजेच त्याचा द्रव करणे, हा एकच उपाय उरतो.

वायूचा द्रव करण्याचे प्रयोग जुने आहेत. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२३ साली क्लोरीन वायूचा द्रव करून दाखविला आणि नंतर इतरही अनेक वायू वठणीवर आणले. मात्र ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन इत्यादी सहा वायू त्याला दाद देईनात. त्यांत नैसर्गिक वायूचा प्रमुख घटक जो मिथेन, तोही होता. अशा वायूंना त्या काळी ‘कायम वायू’ असे नावच पडले होते. या कोड्याची किल्ली टॉमस अँड्रूज याने १८६९ साली दिली. त्याने असे दाखवून दिले की, प्रत्येक वायूला तापमानाची एक सीमा असते. त्या सीमेच्या वर वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. या सीमेला क्रांतिक तापमान म्हणतात.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडर आणि समुद्रावरील अवाढव्य वायुवाहू जहाज यांतील भेद आपोआप उलगडतो. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची क्रांतिक तापमाने आपल्या रोजच्या हवेपेक्षा बरीच वर आहेत. म्हणून पोलादी भांड्यात थोड्या दाबाने कोंडले तरी ते निमूटपणे द्रव होऊन राहतात. सिलिंडर हलविल्यावर आत जे डुचमळते, ते हेच. याउलट मिथेनचे क्रांतिक तापमान शून्याखाली सुमारे ८२ अंश सेल्सिअस आहे. साध्या तापमानाला त्याच्यावर दाबाची मात्रा चालत नाही. त्याला थंडच करावे लागते. आणि साध्या हवेच्या दाबाला त्याचा द्रव राखावयाचा, तर शून्याखाली सुमारे १६२ अंशांपर्यंत जावे लागते. तेथे पोहोचल्यावर मात्र त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. सहाशे खोल्यांतला वायू एका खोलीत मावतो, आणि तोही पाण्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा, रंगहीन, वासहीन द्रव होऊन.

प्रोपेन-ब्युटेनही मोठ्या प्रमाणावर न्यावयाचे झाले तर दाबाची जाड भांडी परवडत नाहीत. म्हणून मोठ्या जहाजांत तेही थंड करूनच नेतात. प्रोपेनला शून्याखाली ४२ अंश पुरतात. अशा एका मोठ्या जहाजात सुमारे ४५,००० टन माल मावतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो, हे धरून हिशेब केला तर एका खेपेत एकतीस लाखांहून अधिक सिलिंडर भरतील एवढा वायू येतो. आपला देश या वायूची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवितो. नागपूरच्या किंवा इंदूरच्या घरात सकाळच्या चहाखाली जी निळी ज्योत पेटते, तिचा काही भाग समुद्रावरून आलेला असतो, तो असा.

आता मुख्य अडचणीकडे वळू. मिथेन थंड करणे हे यंत्राचे काम आहे, आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी साधले होते. खरी अडचण निघाली ती भांड्याची. साधे पोलाद आपल्याला चिवट वाटते. पण कडाक्याच्या थंडीत त्याचा स्वभाव पालटतो आणि ते काचेसारखे ठिसूळ होते. एखादी बारीक चीर पडली, की ती क्षणार्धात आरपार धावते. या स्वभावाची किंमत अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराने मोजली. तेथे द्रवरूप वायू साठविण्याच्या टाक्या शहराच्या वस्तीलगतच होत्या. २० ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांतील एक टाकी फुटली. ती साडेतीन टक्के निकेल असलेल्या पोलादाची होती, आणि एवढे निकेल त्या थंडीला पुरेसे नव्हते, असा निष्कर्ष पुढे निघाला. सांडलेला द्रव रस्त्यांवरून आणि गटारांतून पसरला, त्याची वाफ झाली आणि ती पेटली. सुमारे १३० माणसे प्राणास मुकली. त्यानंतर कित्येक वर्षे या उद्योगाचे नाव काढण्यासही कोणी धजेना.

ही दहशत मोडली एका जुन्या जहाजाने. लंडन शहर तेव्हा कोळशाच्या धुराने गुदमरलेले होते. डिसेंबर १९५२ मधील विषारी धुक्याने हजारो बळी घेतले होते आणि १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला होता. निर्धूर इंधन हवे होते. पण ते ब्रिटनपाशी पुरेसे नव्हते. तेव्हा युद्धकाळातील एक मालवाहू जहाज घेऊन त्यात ॲल्युमिनियमच्या पाच टाक्या बसविण्यात आल्या. ॲल्युमिनियम अशासाठी, की ते थंडीत ठिसूळ होत नाही. टाक्यांभोवती बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाचे जाड अस्तर देण्यात आले. या जहाजाचे नाव ‘मिथेन पायोनियर’. जानेवारी १९५९ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातून द्रवरूप वायू घेऊन ते निघाले आणि हिवाळ्यातील अटलांटिक महासागर ओलांडून २० फेब्रुवारी रोजी टेम्स नदीच्या मुखावरील कॅन्व्ही बेटाला सुखरूप लागले. त्याच्या टाक्यांची क्षमता होती अवघी ५,००० घनमीटर. परंतु त्याने आणले ते नुसते इंधन नव्हे. वायूची मोट समुद्र ओलांडते, याचा पुरावा त्याने आणला.

पुढे घटना भराभर घडल्या. अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात हासी रमेल येथे १९५६ साली वायूचा प्रचंड साठा सापडला होता. तेथून किनाऱ्यावरील आर्झ्यूपर्यंत नळ आला, तेथे द्रवीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि १९६४ पासून ‘मिथेन प्रिन्सेस’ व ‘मिथेन प्रोग्रेस’ ही खास बांधलेली जहाजे कॅन्व्हीच्या वाऱ्या करू लागली. दैवाचा खेळ असा, की पुढच्याच वर्षी ब्रिटनला स्वतःच्या दाराशी, उत्तर समुद्रात, वायू सापडला. पण तोवर विद्या सिद्ध झाली होती. १९६९ साली अलास्काचा वायू जपानला पोहोचला. स्वतःपाशी इंधन नसलेल्या त्या द्वीपराष्ट्राने या व्यापाराला खरा भर आणला.

या जहाजांची रचना समजून घेण्यासारखी आहे. टाकी थंड झाली की आखडते. तीस मीटर लांबीची ॲल्युमिनियमची टाकी दहा सेंटिमीटरांच्या आसपास आखडते. ती जहाजाच्या अंगाला घट्ट जखडली तर स्वतः तरी फाटेल किंवा जहाजाला तरी ओढील. यावर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे तोडगे काढले. नॉर्वेतील अभियंत्यांनी प्रचंड गोल टाक्या केल्या आणि त्या मध्यावर एका कड्याने तोलून धरल्या. अशा जहाजाच्या पाठीवर अर्धगोल घुमट ओळीने दिसतात, जणू काय कढया पालथ्या घातल्या आहेत. फ्रेंचांनी वेगळाच विचार केला. टाकीने वजन पेलण्याची गरजच काय? वजन जहाजाच्या सांगाड्याने पेलावे, मधला जाड थर उष्णता अडवील, आणि द्रव धरून ठेवायला आत नुसते पातळ अस्तर असले म्हणजे झाले. एका प्रकारात हे अस्तर ‘इन्वार’ नावाच्या मिश्रधातूचे असते आणि त्याची जाडी असते केवळ ०.७ मिलिमीटर. ३६ टक्के निकेल असलेला हा धातू थंडी-उष्णतेने जवळजवळ आखडत वा पसरत नाही. मोजमापाची उपकरणे अचूक राहावीत म्हणून शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला आणि १९२० सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. घड्याळाच्या कामी आलेला हा धातू पुढे जहाजाच्या पोटात वायू सांभाळील, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. दुसऱ्या प्रकारात साधे स्टेनलेस स्टील वापरतात, पण त्याला उभ्या-आडव्या वळ्या पाडतात. आखडण्याची वेळ आली की चुणीदार कापडाप्रमाणे त्या वळ्या ताणल्या जातात आणि पत्रा शाबूत राहतो.

येथे कोणी विचारील, की टाकी कितीही जाड आवरणात गुंडाळली तरी बाहेरची उष्णता थोडीथोडी आत झिरपणारच. मग वाटेत ती थंड ठेवायला मोठे यंत्र लागत असेल? नवलाची गोष्ट ही, की जुन्या जहाजांवर असे यंत्र मुळी नसेच. तेथे काम करतो तो आपल्या घरच्या माठाचा न्याय. माठाच्या अंगातून पाझरलेले थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. थोड्याचा त्याग होतो आणि बाकीचे थंड राहते. टाकीतही झिरपलेली उष्णता थोड्या द्रवाची वाफ करते आणि ती वाफ बाहेर काढून घेतली, की उरलेला द्रव पूर्ववत थंड राहतो. पूर्वीच्या बऱ्याच जहाजांत दिवसाकाठी मालाच्या ०.१५ टक्के एवढा भाग असा उडून जाई. १,३८,००० घनमीटरांच्या जहाजात हे प्रमाण दिवसाला सुमारे २०० घनमीटर द्रव इतके होते. हा वायू वाया जात नाही; तो जहाजाच्याच बाष्पकात किंवा इंजिनात जाळतात. आपला माल थोडाथोडा खात चालणारे असे जहाज दुसरे क्वचितच असेल. आधुनिक जहाजांत ही गळती आणखी कमी झाली असून, उडालेला वायू पुन्हा द्रव करण्याची सोयही काहींवर असते.

खलाशांची दिनचर्याही या थंडीभोवतीच फिरते. दुरुस्तीनंतर टाकी प्रथम भरावयाची, तर आतली हवा आधी निष्क्रिय वायूने घालवितात, कारण हवा आणि मिथेन यांची गाठ पडू द्यावयाची नसते. मग मिथेन सोडतात आणि द्रवाचे बारीक तुषार उडवीत टाकी सावकाश थंड करतात. घाई केली तर धातूला सोसवत नाही. माल उतरविल्यावरही टाकी पूर्ण रिकामी करीत नाहीत. थोडा द्रव तळाशी ठेवून परतीच्या प्रवासात टाक्या थंड राखतात. दह्याचे विरजण राखून ठेवावे, तसा हा प्रकार.

धोक्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. द्रवरूप वायू हा स्वतः पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के मिसळलेली असेल तेव्हाच. म्हणून सारी दक्षता गळती न होऊ देण्याची आणि झाल्यास तत्काळ ओळखण्याची असते. या द्रवाला वास नसतो, तेव्हा नाकाऐवजी यंत्रांवर विसंबावे लागते. टाकीला दुहेरी आवरण, जहाजाला दुहेरी तळ आणि दुहेरी कूस, हे नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेने घालून दिले. ती संहिता १९८६ पासून बंधनकारक आहे. या रचनेची कसोटी त्यापूर्वीच एकदा लागली होती. जून १९७९ मध्ये ‘एल पासो पॉल कायझर’ हे भरलेले जहाज जिब्राल्टरजवळ वेगात खडकावर आदळले. तळ फाटला, पण आतल्या टाक्या शाबूत राहिल्या, आणि सगळा माल दुसऱ्या जहाजात सुखरूप हलविण्यात आला. उलट १९ जानेवारी २००४ रोजी अल्जीरियातील स्किक्डा येथे द्रवीकरणाच्या कारखान्यातच स्फोट होऊन २७ माणसे मृत्यू पावली. समुद्र भयंकर आणि जमीन निर्धास्त, ही समजूत या धंद्यात खरी नाही.

त्याच जानेवारी महिन्याच्या अखेरीस भारताचे पहिले असे जहाज आपल्या किनाऱ्याला लागले. त्याचे नाव ‘दिशा’. कतारमधील रास लफान बंदरातून चार-पाच दिवसांचा प्रवास करून ते गुजरातेतील दहेज येथे आले. त्याची क्षमता १,३८,००० घनमीटर. म्हणजे वायूच्या रूपात मोजले तर आठ कोटी घनमीटरांहून अधिक. त्याच्या संचालनात मुंबईस मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा वाटा होता. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी मोठी, म्हणून तेथील धक्का किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांहून अधिक आत, खोल पाण्यात न्यावा लागला. उतरविलेला द्रव टाक्यांत ठेवतात, लागेल तसा ऊब देऊन पुन्हा वायू करतात आणि नळांवाटे देशभर धाडतात. खतांचे कारखाने, वीजकेंद्रे, शहरांतील बस आणि घरे यांना तो पोहोचतो. पुढे हजिरा, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा येथेही अशी बंदरे झाली.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र वेगळा आणि बोधप्रद आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी अशाच वायूची योजना होती. प्रकल्प वादात सापडला, २००१ साली बंद पडला आणि त्याबरोबर अर्धवट राहिले ते वायूचे बंदर. २००५ नंतर नव्या व्यवस्थेखाली काम पुन्हा हाती घेण्यात आले आणि पहिले जहाज तेथे आले २०१३ च्या जानेवारीत. तरीही एक उणीव राहिलीच. लाटांना अडविणारा बांध, ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात, तो पूर्ण झालेला नव्हता. या जहाजातून माल उतरविताना तासन् तास ते धक्क्याशी जवळजवळ निश्चल राहावे लागते. जोडनळ्या लोखंडी हातासारख्या असतात. त्यांना थोडी हालचाल सोसते, पश्चिमेच्या पावसाळी लाटा सोसत नाहीत. परिणाम असा झाला, की अनेक वर्षे ते बंदर पावसाळ्यात बंद राही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणी माणसाला यात नवल वाटले नसेल. शून्याखाली १६२ अंशांची थंडी जिंकणारी विद्या शेवटी दगडांच्या एका अपुऱ्या बांधापाशी येऊन थबकली. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते, हे सूत्र सार्वजनिक कामांत आपण वारंवार विसरतो.

आणखी दोन गोष्टी सांगून हे विवेचन आवरतो. पहिली अशी, की जहाज नळासारखे एका जागी खिळलेले नसते, हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोषही. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, रशियाचा नळ आटू लागला आणि युरोपने जगभरची वायुवाहू जहाजे अधिक दाम मोजून आपल्याकडे वळविली. ज्यांची ऐपत कमी, त्यांना तो वायू परवडेना. आपल्या उपखंडातील काही देशांत त्या वर्षी विजेची कपात झाली, तिच्या कारणांत हेही एक होते. दुसरी गोष्ट हवामानाची. हा वायू कोळशापेक्षा स्वच्छ जळतो, हे खरे. पण तो द्रव करण्यातच त्याचा दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग खर्ची पडतो, आणि न जळता निसटलेला मिथेन वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो. तेव्हा मोट जितकी घट्ट, तितकाच तिचा लाभ खरा. गळकी मोट विहिरीतून पाणी काढते, पण शेताला पोहोचवीत नाही.

वाऱ्याची मोट बांधता येते, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र ती कोणाच्या विहिरीतून भरावयाची, वाटेत किती सांडू द्यावयाची आणि किनाऱ्यावर ती झेलायला आपण सिद्ध आहोत की नाही, हे प्रश्न शास्त्रज्ञ सोडवून देणार नाहीत. ते तुम्हा-आम्हालाच सोडवावे लागतील. उद्या सकाळी चूल पेटविताना ती निळी ज्योत क्षणभर निरखून पाहा. दूरच्या कोठल्या तरी किनाऱ्यावरून, समुद्राच्या पाठीवरून, ती आपल्यापर्यंत आलेली असण्याचा बराच संभव आहे.